मागण्याची बाटली

"वाक तरी जरा," मे पाश्कू म्हणाली. "शहरात राहून कंबर ताठली का रे तुझी?"

मी वाकलो. तिने उजव्या हाताची पालथी बाजू माझ्या कपाळाला टेकवली. हाताला चुनखडीच्या पाण्यात शिजलेल्या मक्याचा वास होता, लहानपणी यायचा तोच. आमच्या डोंगरात धाकट्याने मान झुकवायची आणि थोरल्याने असा पालथा हात लावायचा, हाच नमस्कार आणि हाच आशीर्वाद. 'मे' म्हणजे आई, 'तोत' म्हणजे बाप, आणि गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याच्या नावाआधी आम्ही तेच लावतो. पाश्कू तशी माझी मावशी. पण मी तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तिच्याच चुलीपाशी वाढलो, तिच्या पेतुलच्या ताटात जेवलो.

"आणि ह्या पाहुण्याला कशाला आणलंस?"

इंजिनिअर ओल्वेरा मागे पिकअप गाडीला टेकून मान पुसत उभा होता. गाडीत बाटल्यांचे चार क्रेट होते, त्यांच्या मागे ताडपत्रीखाली काहीतरी लांबट झाकलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खात्याची दोन माणसं बसली होती.

"मोजणी खात्याचे साहेब आहेत," मी म्हणालो.

"मग ने परत. मोजायला आलेल्यांना ह्या गावाने चारदा परत पाठवलंय. पाचव्यांदाही पाठवील."

"मोजायला नाही आले, मे. माफी मागायला आलेत."

"कसली माफी?"

"पेतुलची."

माझ्या कपाळावरून खाली येणारा तिचा हात मध्येच थांबला. मग तिने तो हळूच आपल्या काळ्या लोकरी घागऱ्याला पुसला आणि तोत मार्यानना बोलवायला गेली. तोत मार्यान म्हणजे आमच्या ग्रामसभेचे त्या वर्षीचे प्रमुख. तिला तशी घाईघाईने जाताना पाहून मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. काम फत्ते होणार, असं वाटलं. आज हे सांगताना तोंडाला कडू पाणी सुटतं, पण खरं ते असं आहे.

माझं नाव शालिक. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला चियापासचे डोंगर आहेत, तिथलं याशलुमिल हे माझं गाव. आम्ही माया लोक. आमची बोली त्सोत्सिल, स्पॅनिश ही आमच्या बोकांडी नंतर बसलेली भाषा. माझे आजे-पणजे खालच्या पठारावरच्या मळ्यात राबले. पाठीवर कॉफीची पोती आणि वर मुकादमाच्या शिव्या, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. मग चौऱ्याण्णवच्या जानेवारीत सगळे डोंगर बंडाने पेटले. आमच्या गावानेही कोयते आणि कुदळी घेऊन मळ्यावर चाल केली. मळेवाला घोड्यावरून पळाला, एक बूट मागे टाकून. तो बूट कितीतरी वर्षं सभेच्या खोलीत खुंटीला टांगलेला होता.

तेव्हापासून पठार गावाचं झालं. मका, काळा घेवडा आणि कडेला बारमाही झरा, आणि कशावरच कुणा एकाचं नाव नाही. सरकारकडून काही घ्यायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. त्यांचं सिमेंट नको, मास्तर नको, औषधसुद्धा नको. सभा आमची, शाळा आमची, न्यायनिवाडा आमचा. बायकांनी गावात दारूबंदी केली आणि ती पाळायलाही लावली.

वर्षभराने गणवेशातली माणसं पठार रिकामं करायला आली. पठार काही रिकामं झालं नाही, पण झऱ्यापाशी पेतुल पडला. दोन दिवस त्यांनी प्रेत उचलू दिलं नाही. मे पाश्कू अलीकडच्या काठावर बसून होती. पलीकडे कुत्री यायची आणि ती दगड मारायची. दोन दिवस ती दगड मारत होती. नंतर सरकारी कागदात लिहून आलं की गावकऱ्यांच्या आपापसातल्या भांडणात एक इसम दगावला. मी तेव्हा शहरात होस्टेलवर राहून स्पॅनिशचं व्याकरण घोकत होतो.

मोजणी खात्याला हवं होतं ते वेगळंच. पठार मोजायचं, त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक घराला स्वतःच्या नावाचा कागद द्यायचा. ऐकायला किती गोड! पण सगळ्यांची जमीन विकत घेता येत नाही, एकट्याची घेता येते. आज एकाचं पोर आजारी पडेल, उद्या दुसऱ्याचं. मळेवाल्याचा पुतण्या शहरातल्या हॉटेलात मुक्काम ठोकून त्याचीच वाट बघत होता. म्हणूनच मोजणीची माणसं चारदा आली आणि चारदा गावच्या बायका लहान पोरं पाठीशी बांधून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मी त्याच खात्यात दुभाष्या होतो. रोजंदारीवर. "कायम करतो तुला," असं इंजिनिअर ओल्वेरा दर महिन्याला म्हणायचा. मी इस्त्रीचा शर्ट घालायचो, बाजारात गावचं कुणी दिसलं की रस्ता ओलांडायचो आणि आमच्याच माणसांना 'हे लोक' म्हणायला शिकलो होतो.

एके दुपारी खानावळीत त्याने मला आपल्या टेबलावर बसवून घेतलं. हे पहिल्यांदाच घडत होतं. तो डुकराचं मांस खात होता.

"मला एक सांग शालिक, हे लोक 'हो' कधी म्हणतात? चार वेळा गेलो मी. नुसतं बघत राहतात."

"म्हणत नाहीत साहेब. पितात."

"म्हणजे?"

मग मी शेखी मिरवायला लागलो. सगळं सांगितलं. आमच्याकडे काही मागायचं असेल, मुलीचा हात, आठवड्याभरासाठी खेचर किंवा केलेल्या गुन्ह्याची माफी, तर माणूस बाटली घेऊन जातो. गुडघ्यावर बसतो आणि बाटली पुढे ठेवतो. समोरचा नको म्हणतो, पुन्हा नको म्हणतो, आणि बाटली जोवर बंद आहे तोवर काहीच झालेलं नसतं. पण एकदा का तो त्यातलं प्यायला, की मागितलेलं दिलं. त्यावर सही लागत नाही की साक्षीदार लागत नाही. पूर्वी मक्याची दारू असायची, दारूबंदीनंतर दुकानातलं कोल्ड्रिंक आलं. आणि मागणाऱ्याच्या वतीने जो बोलतो, त्याने पहिला घोट घ्यायचा. मी पोचवलेला शब्द खरा आहे, असा त्या घोटाचा अर्थ.

"आणि पिऊन झाल्यावर उलटले तर?" तो म्हणाला.

"असं कोणी करत नाही."

"कोणीच नाही?"

"माझ्या तरी ऐकिवात नाही, साहेब."

त्याने रोटीच्या तुकड्याने ताटातली चरबी पुसून घेतली. त्याच्या हनुवटीवरही ती लागली होती. "माफी," तो म्हणाला. "माफीसुद्धा बाटलीवरच मागतात म्हणालास ना?" त्या दुपारी त्या हनुवटीची मला शिसारी आली नाही. ती नंतर आली, आणि आता जाता जात नाही. त्या दुपारी मी एवढाच खूश होतो की साहेब माझं लक्ष देऊन ऐकतोय.

आणि आता आम्ही याशलुमिलला आलो होतो, मंगळवारी, चार क्रेट घेऊन.

मळ्याची कॉफी वाळवायची जी मोठी फरशी होती, तीच आता सभेची जागा होती. चाळीस-पंचेचाळीस माणसं जमली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मधे तोत मार्यान प्रमुखपदाची काळी काठी घेऊन बसलेले. त्यांच्या काठीच्या टोकाला रंगीत फिती होत्या. माणूस किरकोळ, आवाज त्याहून किरकोळ, पण ते बोलायला लागले की कोंबड्यासुद्धा गप्प बसतात असं आमच्यात थट्टेने म्हणत.

इंजिनिअर फरशीवर गुडघे टेकून बसला. पिवळट सुती पँट होती त्याची, चांगली महागातली. क्रेटमधली एक बाटली त्याने स्वतःच्या हाताने तोत मार्यानच्या पुढे ठेवली. ही सगळी शिकवण माझीच. मग मान खाली घालून तो बोलायला लागला. ऑफिसातलं जड स्पॅनिश, भरभर, अडखळण्याचं नाव नाही. आमच्या बाप्यांना बाजारापुरतं स्पॅनिश येतं, भाव, माप आणि शिव्या. ह्या बोलण्यातला एक शब्द त्यांना लागला नसता. तो बराच वेळ बोलला.

तो थांबल्यावर मी त्सोत्सिलमध्ये म्हणालो, "साहेब म्हणतात, नऊ वर्षांपूर्वी झऱ्यापाशी जे झालं ते वाईट झालं. तुमचा मुलगा मारला गेला, ती आमची चूक. त्याची माफी मागायला मी आलो आहे."

तोत मार्याननी माझ्याकडे पाहिलं. "एवढं लांबलचक बोलला, आणि एवढंच?"

"स्पॅनिशमध्ये शब्द जास्त लागतात, तोत."

सगळे हसले. स्पॅनिशची अशी टिंगल आमच्याकडे नेहमीच चालते. मीही हसलो.

मग सभा सुरू झाली. आमच्या सभेत हात वर करून मोजत नाहीत. प्रत्येकजण शेजारच्याशी एकदमच बोलायला लागतो. सगळी फरशी गुणगुणते, वाढत वाढत जाते, मग कमी होत होत विझते आणि ती विझली की काय ठरलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी मात्र गुणगुण विझेचना. ऊन डोक्यावर आलं. बाटल्या तापल्या. इंजिनिअरचे गुडघे दुखत असणार, पण गडी हलला नाही. त्याच्या चिकाटीला दाद द्यायला हवी. चोरालासुद्धा धीर लागतोच.

शेवटी सगळे मे पाश्कूकडे बघायला लागले. मुलगा तिचा होता.

ती उठून इंजिनिअरच्या समोर आली. त्याला न विचारता तिने मला विचारलं, "त्याला माझ्या पोराचं नाव माहीत आहे का?"

मी इंजिनिअरच्या कानाशी वाकलो. "पेद्रो," तो म्हणाला. पेतुलचं सरकारी कागदातलं स्पॅनिश नाव.

"पेतुल," मे पाश्कू म्हणाली.

"पेतुल," तो म्हणाला. आमचं अक्षर त्याच्या जिभेला वळलं नाही, पण तो म्हणाला. दुसऱ्यांदाही म्हणाला.

मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणजे ती रडली असणार, पण मी तेव्हा शहरात होतो. आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंसुद्धा नाही. "नऊ वर्षं झाली," ती सभेला म्हणाली. "कुत्रं मेलं तरी गाडीवाला गाडी थांबवून दोन शब्द बोलतो. माझ्या पोराचं नाव त्यांच्यापैकी कुणी आज पहिल्यांदा घेतलं. मी माफी देते. उघडा बाटली."

बाटली उघडली. पहिला घोट माझा, रीतीप्रमाणे. कोमट, चिकट, गोड. मी तो गिळला. दुसरा मे पाश्कूने घेतला, मग तोत मार्याननी. मग क्रेट फिरले आणि फरशीवरच्या प्रत्येकाने घोट घोट घेतला, कारण माफी एकट्या घराची नसते, गावाची असते. शेवटचा म्हातारा पिऊन होईपर्यंत इंजिनिअर नजरेने मोजत होता.

मग तो उठला. गुडघे झटकले. गाडीकडे वळून त्याने शीळ घातली आणि ती दोन माणसं ताडपत्री काढून तिपाई घेऊन आली. वर पितळी दुर्बीण, लाल-पांढऱ्या काठ्या, लोखंडी साखळी.

"हे काय?" तोत मार्यान म्हणाले.

इंजिनिअर हसून माझ्याकडे बघत होता. "सांग त्यांना. मी दोन गोष्टी मागितल्या. जे झालं त्याची माफी, आणि पठार मोजायची परवानगी. दोन्ही एकाच बाटलीवर. ते प्यायले. आता सांग."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. जमिनीकडे बघून सांगितलं एवढं आठवतं.

"तो दोन गोष्टी मागत होता," तोत मार्यान म्हणाले.

"हो, तोत."

"आणि तू एकच आमच्यापर्यंत आणलीस."

"हो."

"वेरुच नाही आज इथे," ते म्हणाले, जणू स्वतःशीच. वेरुच आमच्या शाळेत शिकवायची आणि फडाफडा स्पॅनिश बोलायची. ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी शेजारच्या गावांच्या बैठकीला जाते, हे इंजिनिअरला मीच सांगितलं होतं. तोत मार्याननी मला ते विचारलंही नाही. विचारण्याची गरज नव्हती.

दोन-तीन तरणे गडी उठले आणि कोयत्यांकडे गेले. म्हाताऱ्याने काठी आडवी धरली.

"बसा," ते म्हणाले. "मागणं मोठ्याने मागितलं होतं. सगळ्यांच्या देखत मागितलं. वाटेत कुणी सांडलं ते त्याचं पाप. पण आपण प्यायलो. प्यायल्यावर ह्या गावाने कधी शब्द फिरवलाय? मी तरी पाहिलेलं नाही."

"तोत, ही फसवणूक आहे!" कुणीतरी ओरडलं.

"आहेच. पण त्यांच्यासारखं आपणही आज दिलं, उद्या नाही म्हटलं, असं करायचं का? मग ही काठी धरायची तरी कशाला?"

कोयत्यांकडे गेलेले गडी परत येऊन बसले. आणि मला कळलं की ही माणसं पठार देणार आहेत. कागद, पोलीस, बंदूक ह्यांपैकी कशालाही न घाबरणारी माणसं तीनशे मिलीच्या बाटलीपुढे हरणार आहेत, कारण ती प्यायली होती. इंजिनिअरने ह्याच्यावरच सगळा डाव मांडला होता. मीच त्याला तो मांडून दिला होता. तो दुर्बिणीचं झाकण काढून फुंकर मारत होता, आणि मला त्याची घाण वाटली, माझ्या इस्त्रीच्या शर्टाची घाण वाटली, आणि खरं सांगतो, त्या म्हाताऱ्याच्या सचोटीचीसुद्धा क्षणभर घाण वाटली. इतकं सरळ असायचं कशाला माणसाने?

"तोत मार्यान," मे पाश्कू म्हणाली. ती अजून तिथेच उभी होती. "न उघडलेली बाटली परत देता येते ना?"

"येते."

"आणि उघडलेली?"

"न प्यायलेली असेल तर तीसुद्धा येते."

"आणि प्यायलेली?"

म्हाताऱ्याने विचार केला. थट्टा म्हणून नव्हे, खरंच विचार केला. "प्यायलेली कुणी परत दिलेली नाही."

"कुणी दिली नाही म्हणून देता येत नाही, असं कुठे आहे?"

फरशी पुन्हा गुणगुणायला लागली. आधी हळू, मग जोरात. कुणीतरी खुदकन हसलं, कुणीतरी त्याला दाबलं. आणि ह्या वेळी ती गुणगुण लवकर विझली, एवढ्या लवकर मी ती कधीच विझताना ऐकली नव्हती. तोत मार्याननी काठी उभी केली आणि म्हणाले, "जेवढं दिलं तेवढं सगळं परत जायला हवं. सगळ्यांचं."

"जाईल," मे पाश्कू म्हणाली.

ती इंजिनिअरपाशी गेली. तो मघाशी जसा बसला होता तशीच गुडघ्यांवर बसली, अगदी त्याच्या बुटांपुढे. त्याला वाटलं असावं की बाई विनवणी करणार. तो "नाही नाही, उठा बाई" म्हणाला. तिने उजव्या हाताची दोन बोटं घशात घातली.

पहिल्यांदा नुसती कोरडी ओकारी आली. दुसऱ्यांदा सकाळची मक्याची पेज आली, पांढुरकी, आणि तिच्यातून ते तपकिरी फेसाळ पाणी. त्याच्या बुटांवर, पिवळट पँटच्या घडीवर, तिपाईच्या एका पायावर. तो ओरडून मागे सरला. ती सरकत पुढे गेली आणि उरलेलंही दिलं. मग तोंड पुसून म्हणाली, "शालिक, त्याला सांग. पूर्ण दिलं. मागे काही ठेवलेलं नाही."

मी सांगितलं. ह्या वेळी एकही शब्द सांडला नाही.

मग रांग लागली. आमच्याकडे सगळ्याचीच रांग लागते, पाण्याची, सभेत बोलायची, मयताला माती द्यायची. तशीच शिस्तीत लागली. तोत मार्यान दुसरे. काठी शेजाऱ्याकडे देऊन ते ओणवे झाले आणि फार आवाज न करता मोकळे झाले. ज्यांना बोटांनी येईना त्यांच्यासाठी कुणीतरी कोंबडीचं पीस आणलं, ते धुऊन धुऊन हातोहात फिरलं. एका दात नसलेल्या म्हाताऱ्याला काही केल्या येईना, तर त्याच्या सुनेने मिठाचं पाणी ढोसायला घातलं आणि सगळी रांग त्याच्यासाठी थांबून राहिली. आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऊन, आंबट वास, माश्यांचा घोंगाट. खात्याच्या दोन माणसांपैकी एकजण तो वास सहन न होऊन गाडीमागे जाऊन ओकला, आणि त्याने तर घोटही घेतलेला नव्हता.

इंजिनिअर आधी शिव्या देत होता. मग तोंडाला रुमाल लावून "जनावरं, जनावरं" म्हणत होता. शेवटी गाडीत काच वर करून बसला. तिपाई तिथेच राहिली. दोन बायकांनी ती पानांनी पुसली, दुर्बिणीला झाकण बसवलं, काठ्या आणि साखळी नीट बांधली आणि सगळं परत गाडीत नेऊन ठेवलं. दुसऱ्याची वस्तू होती ना.

रांग संपली. फक्त मी उरलो.

"पहिला घोट तुझा होता," तोत मार्यान म्हणाले. त्यात राग नव्हता, हिशेबी आठवण होती.

मी ओणवा झालो. बोटं घातली, अगदी आतपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. ते पीस दिलं कुणीतरी, ते घातलं. मीठ-पाणी प्यायलो. सगळं गाव उभं राहून बघत होतं. काही म्हणजे काही आलं नाही. मीठ-पाणीसुद्धा आत राहिलं.

"राहू दे," शेवटी मे पाश्कू म्हणाली. "तो आमच्या बाजूने प्यायलाच नव्हता. त्याचा घोट त्यांच्याकडचा. परत द्यायचा प्रश्नच नाही."

सभेला ते पटलं. लोक पाण्याच्या घागरी आणून फरशी धुवायला लागले. पठार राहिलं. आज इतकी वर्षं झाली, तिथे कुणाच्याही नावाचा दगड नाही.

मी जायला निघालो तेव्हा ती फरशीच्या कडेला एकटीच बसली होती. थकलेली, ओठ पांढरे पडलेले.

"मे," मी म्हणालो, "पठार वाचलं."

"वाचलं."

"तुझ्यामुळे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला अजून कळलेलं नाही, नाही का? बाटली एकच होती, शालिक. माफी वेगळी आणि मोजणी वेगळी कशी ओकणार? माझ्या पोराचं नाव घेतलं होतं रे त्याने. खोटं का असेना. नऊ वर्षांनी माझ्या पोटात ते गेलं होतं, घटकाभर होतं. आता पुन्हा माझा पेतुल आपापसातल्या भांडणात मेलाय."

गाडीचा भोंगा वाजला. सवयीने म्हणा, लाज वाटून म्हणा, मी तिच्यासमोर मान झुकवली.

वाटलं नव्हतं, पण तिचा हात आला. न धुतलेला, चिकट, आंबट. पालथा हात तिने नेहमीसारखाच कपाळाला टेकवला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे ठेवला.

"जा," ती म्हणाली. "तुझी गाडी खोळंबलीय."

पुढे मी कायम झालो. त्याच ऑफिसात, त्याच टेबलावर, वीस वर्षं. इंजिनिअरने शिफारशीत लिहिलं होतं, 'अत्यंत विश्वासू'. मे पाश्कू त्याच थंडीत गेली. मला कळवायला कुणी आलं नाही, आणि नंतर मी गावी गेलो तेव्हा कुणासमोरही वाकलो तरी हात आला नाही. त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही.

पण रात्रंदिवस आठवतं ते वेगळंच. त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या इंजिनिअरने नाक मुरडलं. "तुझ्या कपाळाला काय लागलंय ते?" म्हणत त्याने आपला दुसरा, घडीचा रुमाल माझ्याकडे फेकला.

आणि मी कपाळ पुसलं. चांगलं घासून घासून, दोनदा. आणि "थँक्यू साहेब" म्हणालो.